विश्लेषण : कबड्डीत बचावपटूचा भाव कसा ठरतो? कर्जत-खालापूरच्या मातीपासून प्रो कबड्डीच्या लिलावापर्यंत

भातकापणी उरकली की कर्जत आणि खालापूर तालुक्यांत कबड्डीच्या स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. मैदानाला चुन्याच्या रेषा आखल्या जातात, प्रकाशझोताचे खांब उभे राहतात आणि रात्री उशिरापर्यंत सामने रंगतात. रायगड जिल्हा हा महाराष्ट्रातील कबड्डीच्या जुन्या बालेकिल्ल्यांपैकी एक. त्यामुळे इथल्या मैदानांवर खेळणाऱ्या अनेक मुलांच्या डोळ्यांसमोर आज प्रो कबड्डी लीग असते.

पण या मुलांपैकी जो चढाई करतो, तो चटकन नजरेत भरतो. जो कोपऱ्यात उभा राहून पकड करतो, त्याची किंमत ठरवणे मात्र अवघड जाते. ही अडचण गावच्या स्पर्धेत आहे, तशीच कोट्यवधींची बोली लागणाऱ्या लिलावातही आहे. असे का होते? संघ बचावपटू निवडताना नेमके काय पाहतात? आणि कर्जत-खालापूरच्या खेळाडूला त्याचा काय उपयोग?

लिलाव होतो कसा?

प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली. २०१७ पासून संघांची संख्या १२ आहे. पहिल्या हंगामाच्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमारवर लागली होती, ती १२ लाख ८० हजार रुपयांची. दहाव्या हंगामात, २०२३ मध्ये, पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले.

लिलावात खेळाडूंची अ, ब, क आणि ड अशा गटांत विभागणी होते. दहाव्या आणि अकराव्या हंगामात या गटांची मूळ किंमत अनुक्रमे ३०, २०, १३ आणि ९ लाख रुपये होती. प्रत्येक गटात चढाईपटू, बचावपटू आणि अष्टपैलू असे उपप्रकार असतात. लिलावाआधी संघाला काही खेळाडू कायम ठेवता येतात. सोडलेल्या खेळाडूवर दुसऱ्या संघाने लावलेली अंतिम बोली तेवढीच रक्कम देऊन जुळवायची आणि त्याला परत घ्यायचे, अशीही सोय आहे.

मात्र सगळ्यांना एक मर्यादा सारखीच लागू होते. दहाव्या हंगामात संघाला खेळाडूंवर एकूण ५ कोटी रुपयेच खर्च करता येत होते. त्याआधी ही मर्यादा ४ कोटी ४० लाख होती. एवढ्या पैशांत किमान १८ जणांचा संघ बांधायचा असतो. म्हणजे एका खेळाडूवर दोन कोटी घातले, की उरलेल्या तीन कोटींत निदान १७ जण बसवावे लागतात. लिलावाची सगळी रणनीती या एका गणिताभोवती फिरते.

मग पैसा चढाईपटूवर घालायचा की बचावपटूवर?

दहाव्या हंगामात याची दोन टोकाची उदाहरणे पाहायला मिळाली. तेलुगू टायटन्सने निम्म्याहून अधिक पैसे पवनवर खर्च केले. पवन हा देशातील सर्वोत्तम चढाईपटूंपैकी एक. पण त्या हंगामात संघाने २२ पैकी फक्त दोन सामने जिंकले आणि तो गुणतालिकेत तळाला राहिला.

त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतले. लिलावाच्या यादीत तो अष्टपैलू म्हणून होता, पण त्याची खरी ताकद डाव्या कोपऱ्यातल्या पकडींत. पुण्यानेही एकाच खेळाडूवर ४७ टक्के रक्कम लावली होती. तरीही तो संघ डगमगला नाही, कारण अस्लम इनामदार, मोहित गोयत, अभिनेश नादराजन, गौरव खत्री, संकेत सावंत अशी तरुण फळी त्यांनी आधीच घडवून कायम ठेवली होती. तरुण खेळाडू कमी पैशांत मिळतात. पुण्याने त्यातून वाचलेली रक्कम नेमकी ज्या जागेसाठी हवी होती, तिथे वापरली. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पुण्याने पहिले विजेतेपद पटकावले.

पुढच्या हंगामात शादलू २ कोटी ७ लाखांना हरियाणा स्टीलर्सकडे गेला आणि हरियाणा पहिल्यांदा विजेता ठरला. बाराव्या हंगामात गुजरात जायंट्सने त्याला २ कोटी २३ लाखांना घेतले. यावेळी मात्र विजेतेपद मिळाले नाही. म्हणजे महागडा बचावपटू घेतला की चषक आलाच, असे नाही. त्याच्या शेजारी कोण उभे आहे, यावर बरेच अवलंबून असते.

बचावपटूचे मोल आकड्यांत का दिसत नाही?

चढाईपटू एकटा जातो. त्याने गुण आणला की तो त्याच्या नावावर लागतो. पकड मात्र बहुतेक वेळा दोघा-तिघांची असते. कोपरारक्षकाने घोटा धरला, मध्यरक्षकाने धडक दिली, तिसऱ्याने मध्यरेषेची वाट अडवली, तेव्हा कुठे चढाईपटू थांबतो. वैयक्तिक नोंदीत मात्र गुण बहुधा पुढाकार घेणाऱ्याच्या नावावर जातो.

दुसरे कारण म्हणजे फसलेल्या पकडीची किंमत. पकड फसली की चढाईपटूला गुण मिळतो. हात लावलेले सगळे बचावपटू बाद होतात आणि संघाची फळी तुटते. गावच्या स्पर्धेत ‘उत्कृष्ट पकड’चे बक्षीस देताना सहसा यशस्वी पकडी मोजल्या जातात. फसलेल्या कोणी मोजत नाही.

समजा, एका स्पर्धेत पहिल्या बचावपटूने ४० वेळा पकडीचा प्रयत्न केला आणि २० पकडी यशस्वी झाल्या. त्याने २० गुण मिळवले, पण किमान २० गुण दिलेही. दुसऱ्याने फक्त २० प्रयत्न केले आणि त्यातले १४ यशस्वी झाले. त्याने १४ मिळवले आणि सहाच्या आसपास दिले. बक्षीस पहिल्याला मिळेल. संघाच्या हिशेबात मात्र पहिल्याची बेरीज शून्य आणि दुसऱ्याची अधिक आठ.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. चांगल्या कोपरारक्षकाच्या वाटेला चढाईपटू जातच नाही. तो दुसऱ्या बाजूला खेळतो किंवा निदान रेषा ओलांडून रिकाम्या हाताने परततो. अशा चढाईत बचावपटूच्या नावावर काहीच लागत नाही. पण सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’ होते. तीत गुण आणला नाही तर चढाईपटूच बाद होतो. म्हणजे हात न लावता, नुसत्या पवित्र्याने घालवलेल्या दोन चढायांनी तिसऱ्या चढाईवर दडपण आणलेले असते.

हा प्रश्न फक्त कबड्डीचा नाही. अमेरिकी फुटबॉलमध्ये ‘कॉर्नरबॅक’ नावाचा बचावपटू असतो. तो चांगला असेल तर प्रतिस्पर्धी त्याच्या बाजूला चेंडूच फेकत नाहीत, त्यामुळे त्याचे आकडे साधारण दिसू शकतात. तिथे नवे खेळाडू लिलावाऐवजी ‘ड्राफ्ट’मधून, म्हणजे क्रमाने निवड करून घेतात. आधीच्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिली निवड मिळते. निवडीआधी खेळाडूंची धाव, उडी, चपळाई मोजली जाते. तरीही संघ सामन्यांच्या चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहतात, कारण प्रतिस्पर्ध्याने टाळलेला खेळाडू घड्याळात आणि गुणफलकावर दिसत नाही.

मग संघ नेमके काय पाहतात?

पहिली गोष्ट जागा. सात जणांच्या फळीत दोन टोकांना कोपरारक्षक असतात, खेळाडूंच्या भाषेत ‘कॉर्नर’. त्यांच्या आतल्या बाजूला मध्यरक्षक, म्हणजे ‘कव्हर’. कॉर्नरला घोटा, गुडघा, मांडी धरण्याची पकड लागते. कव्हरला धडक, ब्लॉक आणि मागून कंबर धरण्याची ताकद लागते. संघाला कोणती जागा भरायची आहे, त्यावर भाव बदलतो. दोन चांगले डावे कोपरारक्षक असलेला संघ तिसऱ्यावर बोली लावत नाही, मग तो कितीही गुणी असो.

दुसरी गोष्ट संयम. बोनस घ्यायला चढाईपटू पाय पुढे टाकतो, तेव्हा झेप घ्यायची की थांबायचे, हा निर्णय क्षणात होतो. उतावळा बचावपटू एका सामन्यात चमकतो आणि पुढच्या सामन्यात संघाला बुडवतो.

तिसरी गोष्ट बिकट वेळची पकड. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना केलेली पकड ही ‘अव्वल पकड’ ठरते आणि दोन गुण देते. लोण वाचवणारी अशी एक पकड सामना फिरवू शकते.

चौथी गोष्ट जोडी. कोपरारक्षक आणि त्याच्या शेजारचा मध्यरक्षक यांची समज जुळली नाही तर दोघे चांगले असूनही बचाव ढिसाळ होतो. म्हणूनच काही संघ ओळखीच्या जोड्या एकत्र ठेवण्यासाठी धडपडतात.

भाव आणि मोल यांत किती फरक पडतो?

इराणचा फझल अत्राचली हे याचे बोलके उदाहरण. २०१८ मध्ये यू मुंबाने त्याला एक कोटीला घेतले आणि लीगच्या लिलावात कोटीचा टप्पा गाठणारा तो पहिला खेळाडू ठरला. तोही बचावपटू, हे विशेष. दहाव्या हंगामात त्याची किंमत १ कोटी ६० लाखांवर गेली. अकराव्यात ती ५० लाखांवर आली. बाराव्यात तिशी ओलांडलेल्या फझलला दबंग दिल्लीने ३० लाखांत, म्हणजे अ गटाच्या मूळ किमतीत घेतले. ऑक्टोबर २०२५ मध्ये पुणेरी पलटणला हरवून दिल्लीच विजेती ठरली. वय वाढले म्हणून बाजाराने भाव उतरवला होता, पण अनुभवाचे मोल शिल्लक होते.

भारतीय बचावपटूंचे भाव तुलनेने उशिरा वाढले. २०२४ च्या लिलावात यू मुंबाने सुनील कुमारला १ कोटी १ लाख ५० हजारांना घेतले, तेव्हा तो सर्वांत महागडा भारतीय बचावपटू ठरला. त्याच लिलावात चढाईपटू सचिन तन्वरसाठी तमिळ थलायवाजने २ कोटी १५ लाख मोजले होते. दोन्ही आकड्यांतली दरी पुरेशी बोलकी आहे.

कर्जत-खालापूरच्या बचावपटूसमोर अडचणी कोणत्या?

पहिली अडचण मातीची. गावच्या बहुतेक स्पर्धा मातीवर होतात, तर राष्ट्रीय स्पर्धा आणि प्रो कबड्डी मॅटवर. मातीवर अनवाणी पायाने झेप घेणे वेगळे आणि मॅटवर बूट घालून घेणे वेगळे. मॅटवर चढाईपटू अधिक वेगाने वळतो, त्यामुळे घोटा पकडायची वेळ बदलते. मातीवर तयार झालेल्या कोपरारक्षकाला ही वेळ नव्याने शिकावी लागते.

दुसरी अडचण वजनाची. किशोर गटासाठी १६ वर्षे, तर कुमार गटासाठी २० वर्षे अशी वयोमर्यादा असते आणि दोन्ही गटांत वजनाचीही मर्यादा असते. पुरुष गटात ही मर्यादा ८५ किलोपर्यंत जाते. कुमार गटात वजनमर्यादेच्या आत राहण्यासाठी उपाशी राहिलेला मुलगा पुरुष गटात आला, की त्याच्यासमोर बराच जड चढाईपटू उभा असू शकतो. चपळ चढाईपटू यातून वाट काढतो. बचावपटूला मात्र ताकद कमवावीच लागते आणि त्यासाठी आहार, व्यायाम व दोन-तीन वर्षांचा धीर लागतो.

तिसरी अडचण दिसण्याची. नेहमीची वाट गावच्या संघातून जिल्हा निवड चाचणी, तिथून राज्य अजिंक्यपद आणि मग राष्ट्रीय स्पर्धा अशी जाते. अलीकडे खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेच्या अंतिम फेरीतील खेळाडूंनाही प्रो कबड्डीच्या लिलाव यादीत स्थान मिळाले आहे. त्यामुळे बारावीनंतर महाविद्यालय न सोडणे हेही खेळाडूच्या हिताचे ठरते. कर्जत आणि खोपोली ही दोन्ही स्थानके मध्य रेल्वेच्या लोकलने मुंबईशी जोडलेली आहेत, ही इथल्या मुलांची जमेची बाजू.

आणि लिलाव हे एकच दार नाही. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे आणि पोलीस दलांचे स्वतःचे संघ आहेत. घरच्यांच्या दृष्टीने अनेकदा हीच वाट जास्त भरवशाची असते.

गावच्या स्पर्धेत काय बदलता येईल?

यासाठी फार पैसा लागत नाही. गुणलेखकाच्या शेजारी एक वही आणि एक जाणकार मुलगा बसवला, तरी तीन गोष्टी टिपता येतील : प्रत्येक बचावपटूने पकडीचे किती प्रयत्न केले, त्यातले किती फसले आणि त्याच्या बाजूने किती चढाया रिकाम्या परतल्या. सोबत मोबाइलवर पूर्ण सामन्याचे चित्रीकरण ठेवावे. दहा सेकंदांच्या झेपेच्या चित्रफितीत संयम दिसत नाही. चाळीस मिनिटांच्या सामन्यात तो दिसतो.

‘उत्कृष्ट पकड’चे बक्षीस या वहीवरून दिले, तर दोन गोष्टी घडतील. मुलांना उतावळ्या झेपेपेक्षा थांबण्याचे महत्त्व कळेल. आणि जिल्हा निवड समितीसमोर उभ्या राहणाऱ्या डाव्या कोपरारक्षकाच्या हातात चषकाच्या फोटोबरोबर आपल्या खेळाचा खरा हिशेबही असेल.