विश्लेषण : मुलाच्या खोकल्यावर अँटिबायोटिक केव्हा द्यावे?

सटाण्यात देवमामलेदारांच्या यात्रेचे दिवस म्हणजे कडाक्याच्या थंडीचे दिवस. याच काळात बागलाणच्या गावांतून खोकणारी मुले घेऊन पालक दवाखान्यात येतात. ‘मागच्या वेळचेच औषध द्या, त्याने लगेच गुण आला’, ही मागणीही ठरलेली. हे औषध अनेकदा प्रतिजैविक म्हणजेच अँटिबायोटिक असते. त्याची खरी गरज केव्हा असते?

प्रत्येक खोकल्याला प्रतिजैविक लागते का?

नाही. मुलांची बहुतेक सर्दी-खोकल्याची दुखणी विषाणूंमुळे होतात आणि प्रतिजैविके फक्त जिवाणूंवर काम करतात. नाकातला शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणून ती लागतातच असे नाही. साधा खोकला दोन-तीन आठवडेही रेंगाळू शकतो. तिसऱ्या दिवशी औषध सुरू केले आणि पाचव्या दिवशी बरे वाटले, तर श्रेय औषधाला मिळते. प्रत्यक्षात दुखणे आपणहून ओसरत असते.

मग डॉक्टर लिहून का देतात?

दिवसाची मजुरी बुडवून, एसटीने आलेल्या पालकांना ‘दोन दिवसांनी पुन्हा दाखवा’ सांगणे अवघड असते. मूल परत आले नाही आणि न्यूमोनिया वाढला तर, ही भीतीही असते. म्हणून ‘असू द्या’ म्हणून औषध लिहिले जाते.

गरज ओळखायची कशी?

एक मिनिट श्वास मोजून. मूल शांत किंवा झोपलेले असताना पोटावरचे कपडे वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद मोजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार दोन महिन्यांच्या आतील बाळात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे ‘जलद श्वास’. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर तेही न्यूमोनियाचे लक्षण. अशा मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. दम्यासारख्या त्रासातही श्वास वाढतो, त्यामुळे अंतिम निर्णय तपासणीनंतरच.

मूल दूध-पाणी घेत नसेल, सुस्त पडले असेल, ओठ निळे दिसत असतील किंवा झटके आले असतील, तर रात्र असली तरी थांबू नका.

याला महाराष्ट्रातला आधार काय?

गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील आरोग्य कार्यकर्ते आणि दाईंना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला व प्रतिजैविक द्यायला शिकवले. मोजता न येणाऱ्या दाईंसाठी मण्यांचे साधन बनवले. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : उपचार मिळालेल्यांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के, तर शेजारच्या उपक्रमाबाहेरील भागात १३.५ टक्के. म्हणजे योग्य मुलाला वेळेत मिळालेले प्रतिजैविक जीव वाचवते. म्हणूनच ते साध्या सर्दीवर वाया घालवायचे नाही.

अनावश्यक डोसाने बिघडते काय?

जुलाब, अंगावर पुरळ हे लगेचचे त्रास. मोठा धोका पुढचा : शरीरातील जिवाणू औषधाला सरावतात आणि खऱ्या न्यूमोनियात तेच औषध निकामी ठरू शकते.

पालकांनी काय करावे?

पाकिटावर लाल उभी रेघ असेल तर चिठ्ठीशिवाय औषध घेऊ नका. सेफिक्झिमसारख्या ‘एच-१’ यादीतील औषधांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने तीन वर्षे ठेवणे बंधनकारक आहे. उरलेली बाटली भावंडाला देऊ नका. डॉक्टरांना ‘हे कशासाठी?’ असे जरूर विचारा. प्रतिजैविक लिहिताना कारण नोंदवा, अशी सूचना केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये डॉक्टरांना केली आहे. दिलेच, तर ठरलेल्या मात्रेत, सांगितलेले दिवस द्या. दोन वर्षांखालील मुलांना खोकल्याची औषधेही नकोत. न्यूमोकोकल लस सरकारी केंद्रात मोफत मिळते : दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर.

आणि पुढच्या खोकल्याला, बाटली शोधण्याआधी घड्याळ हातात घ्या.