साखर दारातच अडली

दर आठ तासांनी एक डोस, तोही रिकाम्या पोटी. शिवाय दिवसाला किमान दीड लिटर पाणी, नाहीतर मुतखड्याची धास्ती. मार्च १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या इंडिनाविर या एचआयव्हीवरच्या औषधाचं हे पथ्य. इतकं जाचक पथ्यही रुग्ण पाळत, कारण मरणाची तयारी करून बसलेली माणसं या प्रोटिएज इनहिबिटर गटातल्या औषधांमुळे उठून कामाला लागत होती.

मग पोटं सुटू लागली. हातपाय काटकुळे, गाल बसलेले, पोट मात्र मडक्यासारखं पुढे. इंडिनाविरचं बाजारातलं नाव क्रिक्सिव्हान, त्यावरून या पोटाला ‘क्रिक्स बेली’ म्हणू लागले. डोळ्यांना दिसतं त्याला नाव लगेच मिळतं. रक्तातली साखर दिसत नाही. जून १९९७ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने डॉक्टरांना सावध केलं: ही औषधं घेणाऱ्या ८३ जणांची साखर वाढल्याच्या, काहींना नव्याने मधुमेह झाल्याच्या नोंदी आल्या होत्या. पुढच्याच वर्षी सिडनीच्या अँड्र्यू कार आणि डेव्हिड कूपर यांनी चरबीची ही उलथापालथ, रक्तातले वाढलेले मेद आणि इन्सुलिनला दाद न देणारं शरीर, हे सगळं एका धाग्यात ओवून दाखवलं.

पण दोष कोणाचा? विषाणूचा, सुटलेल्या पोटाचा, की औषधाचा?

या प्रश्नाची उकल सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झाली, आणि मला गंमत वाटते ती याची, की माइक म्यूकलर हे काही एचआयव्हीवाले नव्हेत. त्यांचा सारा जीव साखर पेशीत नेणाऱ्या प्रथिनांत. असं पहिलं प्रथिन, ग्लुट-१, त्यांनी व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये ओळखलं होतं. स्नायू आणि चरबीच्या पेशींत त्याचा भाऊ असतो, ग्लुट-४. एरवी तो पेशीच्या आत पडून असतो. जेवणानंतर इन्सुलिनचा निरोप आला की उठून पेशीच्या कडेला येतो आणि साखर आत घेतो.

मुराता, पॉल ह्रूझ आणि म्यूकलर यांचा निबंध २००० साली आला. त्यांनी चरबीच्या पेशींवर इंडिनाविर सोडलं. इन्सुलिनचा निरोप नीट पोचत होता. ग्लुट-४ कडेपर्यंत येतही होता. साखर मात्र आत जाईना. मग बेडकाच्या अंडपेशींत ही प्रथिनं वेगवेगळी तयार करून पाहिलं, तर इंडिनाविर ग्लुट-४ ला अडवत होतं आणि ग्लुट-१ ला जवळजवळ हात लावत नव्हतं. म्हणजे दारवान जागेवर हजर, पण औषधाने त्याचे हातच धरून ठेवलेले.

पेशीत दिसलं ते माणसात खरं ठरेल असं नाही. २००२ मध्ये कार्ल ग्रुनफेल्ड यांच्या गटाने निरोगी माणसांना इंडिनाविरचा १२०० मिलिग्रॅमचा एकच डोस दिला. इन्सुलिनच्या जोरावर साखर वापरण्याची त्यांची क्षमता सुमारे एक तृतीयांशाने घटली. अंगात विषाणू नाही, पोट सुटलेलं नाही, तरीही. माझ्या मते वाद तिथेच मिटायला हवा होता. २००३ मध्ये मंजूर झालेलं अटाझानाविर याच गटातलं, पण ते साखरेची वाट फारशी अडवत नाही.

आपल्याकडची कहाणी वेगळ्या गोळीची. १ एप्रिल २००४ पासून मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासह मोजक्या केंद्रांत एचआयव्हीवरचे मोफत औषधोपचार, म्हणजे एआरटी, सुरू झाले, तेव्हा पहिल्या फळीत स्टॅव्ह्युडिन होतं. ते पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाला बाधतं; चेहऱ्याची चरबी झडते, गाल बसतात. गावात चेहरे वाचणाऱ्यांना तोटा नसतो, त्यामुळे जीव वाचवणारी गोळीच गुपित फोडायची. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं.

आता डोल्युटेग्राविरचे दिवस आहेत. दिवसाला एक गोळी, पथ्य फारसं नाही. पण ती मधुमेहाच्या मेटफॉर्मिनला मूत्रपिंडातून नीट बाहेर पडू देत नाही. रक्तातलं मेटफॉर्मिन वाढतं, म्हणून ते दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात. एचआयव्ही असलेल्यांत एचबीए१सी ही तीन महिन्यांची साखर खऱ्यापेक्षा कमी दिसू शकते, ते आणखी वेगळंच. एआरटी केंद्राची डायरी एका पिशवीत, साखरेची फाइल दुसऱ्या. मेटफॉर्मिन लिहून देणाऱ्या डॉक्टरसमोर पहिली पिशवी उघडायला माणूस धजतोच असं नाही.