ताप नसला तरी रक्त तपासा

गरोदर बाईचा चेहरा पांढुरका पडला, चार पावलांत दम लागू लागला, की घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘दिवस गेलेत, असं व्हायचंच.’ फार तर लोहाच्या गोळ्या सुरू होतात. पण गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यात या फिकटपणामागे हिवतापही असू शकतो.

हिवतापाचा जंतू तांबड्या पेशीत शिरतो, तिच्यातल्या हिमोग्लोबिनवर पोसतो आणि शेवटी ती फोडून बाहेर पडतो. फॅल्सिपॅरम जातीचा जंतू तर अधिकच चलाख. त्याने ग्रासलेल्या पेशी वारेला चिकटून दडून बसतात. म्हणून बोटातून काढलेल्या थेंबात तो कधी कधी सापडतही नाही. इकडे आईचं रक्त आटतं, तिकडे बाळाचं पोषण तुटतं. ते अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मू शकतं.

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेलं की रक्तक्षय समजतात. ७ च्या खाली तो गंभीर. अशा बाईच्या जिवावर बाळंतपणातला रक्तस्राव बेतू शकतो.

जिथे हिवताप वर्षानुवर्षे मुक्कामाला आहे, तिथे तो ताप न येताही अंगात असू शकतो. लोहाच्या गोळ्या जरूर घ्याव्यात. पण रांजण गळका असेल तर नुसतं पाणी ओतून भागत नाही. आशाताईंकडून रक्त तपासून घ्यावं. औषध मात्र डॉक्टरांनीच ठरवावं. प्रायमाक्वीन गरोदरपणात देत नाहीत.

आणि घरात मच्छरदाणी एकच असेल, तर ती गरोदर सुनेच्या अंथरुणावर बांधावी.