कलम वर्षाआड, फी दरसाल

गेल्या मे महिन्याच्या अखेरची गोष्ट. आंब्याचा हंगाम संपत आला होता आणि पावसाळी खतांची चौकशी करायला बागायतदार कार्यालयात येत होते. त्यांच्यातच एक ओळखीचे शेतकरी येऊन बसले. नाव-गाव सांगत नाही, कारण ही गोष्ट त्यांच्या एकट्याची नाही. घरची साठ-सत्तर हापूसची कलमं, थोडी काजू, परड्यात भाजी. मी खताच्या मात्रेचा कागद पुढे केला, तर म्हणाले, "साहेब, खताचं राहू द्या. बाग पाच वर्षांच्या कराराने देऊ काय, तेवढं सांगा."

चांगली राखलेली बाग. कर्ज नाही, घरात आजारपण नाही. मी विचारलं, "दादा, एवढी काय नड आली?" त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. तालुक्याच्या एका खासगी इंग्रजी शाळेचं नववीचं फीपत्रक होतं. मुलगा आठवी पास झाला होता. आणि करारदार पाचही वर्षांचे पैसे एकरकमी द्यायला तयार होता.

खासगी शाळा महाग असते, हे सांगायला लेख कशाला हवा? पाचगणीच्या निवासी शाळा तर इंग्रजांच्या अमदानीपासून आहेत. मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या शाळांची वर्षाची फी काही लाखांच्या घरात जाते. तिथे आपल्याला जायचंच नसतं. पण त्या शाळांचं रूप बघून तालुक्याच्या गावी जी शाळा निघते, टाय-बुटाची, पिवळ्या बसची, तिथे आपण जातो. श्रीमंताला त्याची शाळा जेवढी जड, त्याहून आपल्याला ही जड पडते. तिचा हिशेब मात्र आपण कलमाच्या हिशेबासारखा मांडत नाही.

पावतीवर नसलेला खर्च

त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून तो मांडला. नववीची फी ४६ हजार. पुस्तकं, गणवेश, बूट ११ हजार. तालुक्याला घेतलेल्या खोलीचं भाडं महिना तीन हजार, म्हणजे वर्षाचे ३६ हजार. शिकवणी १८ हजार. खोलीवरची दुसरी चूल, वीज आणि आठवड्याचं येणं-जाणं धरून २४ हजार. बेरीज झाली १ लाख ३५ हजार. बघा, फी म्हणजे साऱ्या खर्चाचा जेमतेम तिसरा हिस्सा! नवीन लावलेल्या कलमाचा खर्च म्हणजे रोपवाटिकेतली किंमत नव्हे. खड्डा, कुंपण, पाणी, राखण सगळं धरावं लागतं. शाळेचंही तसंच.

आणि जे वहीत लिहिता येत नाही ते वेगळंच. मुलाबरोबर त्याची आई खोलीवर राहते. ती घरी होती तेव्हा गाय होती, परड्यात भाजी होती, काजू बी ती स्वतः वेचायची. आता बी वेचायला मजुरीने बाई लावावी लागते, भाजी बाजारातून येते, गाय विकली. "दुधाची पिशवी घेऊन एस्टीतून उतरताना लाज वाटते," असं ते बोलले. शेतकऱ्याच्या घरातला एक कर्ता माणूस कमी झाला आणि त्याची पावती कुठल्याच शाळेने दिली नाही.

आपल्या जिल्ह्यात माणूस आधीच कमी आहे. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजार होती, ती २०११ साली १६ लाख १५ हजारांवर आली. पूर्वी नोकरीसाठी बाप मुंबईला जायचा आणि आई शेत सांभाळायची. आता शाळेसाठी आईही गाव सोडते.

आठवीचा उंबरठा

नववीलाच एवढा प्रश्न का आला? कारण पहिली ते आठवी या मुलाची फी माफ होती. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम १२ नुसार खासगी विनाअनुदानित शाळांना पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात. महाराष्ट्र शासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असली तर खासगी शाळेला यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. म्हणजे हक्क शाबूत आहे.

पण हा हक्क ६ ते १४ वयाचा, आठवीपर्यंतचा. नववीला उंबरठा ओलांडला की मूल इतर मुलांसारखं पूर्ण फीचं होतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बारावीपर्यंत सर्वांना शिक्षण मिळावं असं म्हटलं आहे, पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. माध्यमिक शिक्षणाच्या फीची ओढाताण आपल्याकडेच आहे असंही नाही. केनियाच्या सरकारने २००८ साली सरकारी माध्यमिक शाळांची शिकवणी फी माफ केली, घानाने २०१७ साली उच्च माध्यमिक मोफत केलं. तिथलाही शेतकरी कधी जनावर, कधी पीक विकून फी भरत होता, म्हणूनच सरकारांना हे करावं लागलं.

आमच्या या शेतकऱ्याला पहिलीच्या प्रवेशावेळी आठवीनंतरचं कोणी सांगितलं नव्हतं. अंतराच्या नियमात बसावं म्हणून खोली घेतली ती तेव्हापासून. फुकटच्या जागेसाठी आठ वर्षं भाडं भरलं. आता शाळा सोडवावी तर आठ वर्षं वाया गेली असं वाटतं, ठेवावी तर बाग द्यावी लागते.

कराराची बाग

आता माझ्या धंद्याचं बोलतो. हापूसचं झाड एका वर्षी भरून देतं, दुसऱ्या वर्षी हात आखडतं. त्यात अवकाळी पाऊस आहे, तुडतुडे आहेत, अलीकडे थ्रिप्सने तर औषधांचा खर्च कुठल्या कुठे नेला आहे. फी मात्र वर्षाआड येत नाही. ती दर जूनला येते, आणि मागच्यापेक्षा थोडी वाढूनच येते.

बाग पाच वर्षं दुसऱ्याला दिली की काय होतं? सगळे करारदार वाईट नसतात, पण ज्याला पाच वर्षांत पैसे वसूल करायचे आहेत तो झाडाच्या विसाव्या वर्षाचा विचार कशाला करील? कल्टारची शिफारस झाडाच्या विस्ताराच्या व्यासावर आहे, दर मीटरला ३ मिलिलिटर, जुलै-ऑगस्टमध्ये, तीही दहा वर्षांवरच्या सुदृढ झाडाला आणि खतांची पूर्ण मात्रा देऊन. वसुलीच्या घाईत मात्रा वाढते आणि खत कमी होतं. दोन-तीन वर्षं बहर येतो, मग पालवी आखडते, फांद्या वाळायला लागतात. पाच वर्षांनी बाग परत मिळते ती दमलेली. मुलगा दहावी होतो, बारावीला लागतो, म्हणजे खरा खर्च सुरू होतो, आणि नेमकी तेव्हाच बाग देत नाही.

पीककर्जातून फी भरणारेही मी पाहतो. वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंत व्याज पडत नाही, हे खरं. पण ते पैसे फवारणीऐवजी शाळेत गेले, बहर हुकला आणि मुदत टळली, की ती सवलत जाते. बियाण्याचं भात खाऊन पेरणीला उसनवारी करण्यासारखंच ते.

गावातल्या शाळेकडेही बघा

कुणी म्हणेल, हा साहेब गरिबाच्या मुलाला इंग्रजीपासून दूर ठेवतो. तसं नाही. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि गावच्या हायस्कुलात शिकलो, शेतकीची पदविका घेतली. माझी मुलगी मात्र तालुक्याच्या इंग्रजी शाळेत पहिलीत आहे. तेव्हा उपदेश करण्याचा अधिकार माझा कमीच. इंग्रजीची आणि पुढच्या प्रवेश परीक्षांची आई-बापाला वाटणारी धास्ती मला कळते. फक्त दुसऱ्या पारड्यात काय आहे, तेही पाहिलं पाहिजे.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून झालेलं कोकण विभागीय मंडळ दहावीच्या निकालात वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं. २०२४ साली ९९.०१ टक्के, २०२५ साली ९८.८२ टक्के. यात मोठा वाटा खेडोपाडीच्या अनुदानित हायस्कुलांचा आहे. नुसतं पास होणं म्हणजे सगळं नव्हे, हे मान्य. पण अनेक ठिकाणी सेमी इंग्रजीची सोय आहे. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. पुढे विज्ञान शाखेला जाणाऱ्या मुलाला ती उपयोगी पडते.

दुसरं, आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलं आणि मूल गुणवत्तेत आलं, तर नववी ते बारावी दरसाल १२ हजार, चार वर्षांत ४८ हजार रुपये मिळतात. पण ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच. खासगी विनाअनुदानित शाळेत मूल घातलं की ही वाट बंद.

तिसरं, राजापूर तालुक्यात पडव्याला आपलं जवाहर नवोदय विद्यालय आहे. सहावीला प्रवेश परीक्षा. राहणं, जेवण, पुस्तकं मोफत. नववीपासून महिना ६०० रुपये विकास निधी, त्यातही मुली, अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालील मुलांना माफी. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. पण नियम नीट वाचा: तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्याच शाळेत झाली पाहिजेत. चौथीला मूल शहराच्या हद्दीतल्या शाळेत नेलं, की ग्रामीण जागेवरचा हक्क गेला.

आणि खासगी शाळेतच ठेवायचं असेल तर मान खाली घालून फी भरू नका. राज्यात शुल्क विनियमनाचा २०११ चा कायदा आहे. शाळेने फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो. तिथे प्रत्येक इयत्तेचा पालक चिठ्ठी टाकून निवडतात, आणि मंजूर झालेली फी दोन वर्षं बदलत नाही. ती सूचना फलकावर मराठीतही लावावी लागते. ठरावीक दुकानातूनच गणवेश घ्या, अशी सक्ती शाळेला करता येत नाही. सभेला गेलंच पाहिजे. आपण ग्रामसभेला जात नाही, पालकसभेलाही जात नाही, आणि मग पावती बघून कपाळाला हात लावतो.

वाईट वर्षाची फूटपट्टी

कोकणात शिक्षणासाठी हाल काढणं नवं नाही. मुरूडचे धोंडो केशव कर्वे १८७५ च्या सुमारास परीक्षेसाठी शंभराहून अधिक मैल चालत साताऱ्याला गेले, आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना परत पाठवलं. पुढे तेच महर्षी झाले. पण त्या वाटेत झिजले ते त्यांचे पाय. घरची जमीन गहाण पडली नव्हती.

म्हणून मी त्या शेतकऱ्याला एकच फूटपट्टी दिली. गेल्या पाच वर्षांचं बागेचं निव्वळ उत्पन्न लिहा. त्यातलं चांगलं वर्ष खोडा, सरासरीही काढू नका. सगळ्यांत वाईट वर्ष घ्या. त्या वर्षात घर चालवून जेवढं उरतं, तेवढीच शाळा आपली. चांगल्या वर्षाचं जास्तीचं येईल ते बारावीनंतरच्या शिक्षणासाठी बाजूला टाका.

जुलैत ते पुन्हा आले. बायकोशी बोलून ठरवलं होतं. मुलगा दोन वर्षं त्याच शाळेत राहणार, पण खोली सोडली. विद्यार्थ्यांना एस्टीच्या पासात दोन-तृतीयांश सवलत असते. तो सकाळच्या गाडीने जातो, संध्याकाळी येतो. खोली आणि दुसरी चूल मिळून साठ हजार वाचतील. पाच वर्षांचा करार मोडीत काढला. एका बाजूची वीस कलमं एका वर्षापुरती दिली, तीही स्टँपपेपरवर लिहून, कल्टार न घालण्याच्या अटीवर. मुलगी पाचवीत गावच्याच शाळेत आहे, तिचा नवोदयचा अर्ज भरायला कागद कुठले लागतात ते विचारत होते.

"मुलगा काय म्हणतो?" मी विचारलं. "गाडीत झोपतो बोलतो," ते हसले. त्याचे हाल होणार, हे त्यांनाही ठाऊक आहे. हा निर्णय बरोबर की चूक ते दोन वर्षांनी कळेल. पण बाग त्यांच्या हातात आहे आणि मुलाची आई घरी आली आहे.

गाय अजून घेतलेली नाही. पुढच्या हंगामानंतर बघू म्हणाले.

बागायतदार बंधू-भगिनींनो, पुढच्या जूनला फीची पावती हातात घेण्याआधी एकदा वही घेऊन बसा. आई-बाप दोघंही बसा आणि मूल मोठं असेल तर त्यालाही बसवा. कलम कुठलं लावायचं ते आपण जमीन बघून ठरवतो, शाळाही तशीच ठरवू या.