अपुऱ्या मजकुराचा वाचक

भिवंडीच्या साध्या यंत्रमागावर बाण्याचा धागा तुटला की एक लहानसा काटा ती उणीव हेरतो, धोट्याची धाव जागच्या जागी थांबते, आणि कारागिराने धागा सांधून माग पुन्हा चालू करीपर्यंत कापड तसूभरही पुढे सरकत नाही. संगणकाची आज्ञावली वाचणाऱ्या कंपायलरांचा स्वभावही पुष्कळ अंशी असाच घडला आहे, आणि ते योग्यच झाले. कारण ज्याला त्या मजकुरावरून यंत्राला हुकूम सोडायचे आहेत, त्याने सदोष मजकूर तसाच पुढे रेटणे म्हणजे जाणूनबुजून अनर्थ ओढवून घेणे होय. परंतु ज्याला हुकूम सोडायचे नसून लिहिणाऱ्याच्या शेजारी बसून त्याचे लेखन नुसते समजून घ्यायचे आहे, त्याला हा करारीपणा परवडत नाही. आणि ‘ट्री-सिटर’ नावाच्या ज्या सॉफ्टवेअर लायब्ररीचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे, तिची थोरवी हा भेद ओळखण्यात आहे.

आज्ञावलीतील अक्षरांतून शब्द, शब्दांतून पदे आणि पदांतून वाक्ये निवडून त्यांचा वृक्ष मांडणे हे पार्सरचे काम. मागे न वळता, डावीकडून उजवीकडे एकदाच वाचीत जाऊन ते करण्याची रीत डोनाल्ड क्नूथ यांनी १९६५ साली शास्त्रशुद्ध पायावर उभी केली, आणि सत्तरीच्या दशकात बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी ‘याक’ हे साधन रचले, ज्याच्या हाती भाषेचे व्याकरण सोपविले की ते सारण्यांवर चालणारा पार्सर आपणच लिहून देई. पुढे त्याच धर्तीचे ‘बायसन’ आले व जीसीसी या विख्यात कंपायलराने त्याचा आश्रय केला. परंतु त्याच जीसीसीने २००४ मध्ये सी++ साठी आणि २००६ मध्ये सी साठी सारण्यांची पद्धत सोडून हाताने लिहिलेले पार्सर पत्करले. मौज अशी की कंपायलराने बडतर्फ केलेली ही विद्या आज्ञावली लिहिण्याच्या साधनांच्या, म्हणजे एडिटरांच्या, दरबारात मोठ्या सन्मानाने रुजू झाली.

ती तेथे नेली मॅक्स ब्रन्सफेल्ड यांनी. गिटहब कंपनीच्या ‘ॲटम’ या एडिटरावर काम करीत असता त्यांनी ट्री-सिटर रचले आणि २०१८ च्या सुमारास ते ॲटममध्ये वापरात आले. तोवर बहुतेक एडिटर आज्ञावलीला रंग देत ते शब्दांच्या बाह्य साच्यांवरून, अंदाजपंचे. वाक्याची घडण त्यांना ठाऊक नसे.

भिवंडीच्या धामणकर नाक्याजवळच्या एखाद्या गाळ्यात कोणी तरुण कारागिरांच्या मजुरीचा हिशेब पायथन भाषेत मांडीत आहे असे समजा. त्या भाषेत २००८ पासून चलांची नावे देवनागरीतही चालतात, म्हणून त्याने लिहिले:

रक्कम = दर * (मीटर + वाढ

कंस मिटायचा राहिला. पायथनचा स्वतःचा वाचक येथे तक्रार नोंदवून हात वर करील. ट्री-सिटर मात्र ‘रक्कम’, ‘दर’ आणि गुणाकाराचे चिन्ह आपापल्या जागी लावून देते, आणि उणिवेपुरती दोनपैकी एक तजवीज करते: गहाळ कंसाची शून्य रुंदीची नोंद वृक्षात स्वतःच घालते, किंवा न जुळणारा तुकडा ‘चूक’ या सदराखाली बाजूला काढून उरलेला दस्तऐवज सुरळीत वाचते. कोणती तजवीज करावी याचा निवाडाही लहरीवर नाही. दोन-तीन पर्यायी वाचने काही काळ समांतर चालवली जातात, प्रत्येकाच्या खात्यावर चुकांचा खर्च चढत जातो, आणि ज्याचा खर्च कमी ते वाचन कायम होते.

याहून मला अधिक मोलाची वाटते ती त्याची काटकसर. अक्षर बदलले की कोठून कोठवर बदलले एवढेच एडिटराने कळवायचे. जुन्या वृक्षाच्या ज्या फांद्यांना धक्का लागला नाही त्या तशाच उचलून नव्या वृक्षात बसविल्या जातात, त्यामुळे हजारो ओळींची फाइल असली तरी प्रत्येक कळ दाबताच नवा वृक्ष तयार असतो. या कल्पनेचा पाया नव्वदीच्या दशकात बर्कलीला टिम वॅग्नर आणि सुसान ग्रॅहॅम यांनी घातला होता. ब्रन्सफेल्ड यांनी ती प्रबंधातून काढून रोजच्या राबत्यात आणली.

व्याकरण जावास्क्रिप्टमध्ये लिहायचे, आणि त्यावरून सी भाषेतला पार्सर यंत्राने घडवायचा, असा येथला रिवाज आहे. घडलेली फाइल काही भाषांच्या बाबतीत लाखो ओळींची होते आणि ती माणसाने वाचण्याजोगी नसते, ही मला त्यातली खटकणारी बाब वाटते. दुसरी अडचण सी भाषेच्या मॅक्रोंची. तेथे खरे वाक्य मॅक्रो उलगडल्यावाचून प्रकटच होत नाही, आणि ट्री-सिटर ते उलगडीत नाही, त्यामुळे निर्दोष आज्ञावलीतही त्याला कधी कधी चूक दिसते. अर्थाच्या प्रांतात तर त्याचा अंमलच नाही: ‘दर’ या चलाला आधी किंमत दिली होती की नाही, हे त्याला विचारून उपयोग नाही.

ॲटम डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाला. लायब्ररी मात्र निओव्हिम या एडिटराने स्वीकारली आहे, खुद्द गिटहबही आज्ञावलीतील नावांचा माग काढण्यास तिचा उपयोग करते, आणि ॲटमच्या कर्त्यांपैकी काहींनी, ब्रन्सफेल्ड त्यांच्यातच, पुढे ‘झेड’ नावाचा जो नवा एडिटर काढला, त्यातही मजकूर वाचण्याचे काम तिच्याकडेच आहे.