वर्गातली गडबड आणि तिची दाद

वर्गात गडबड झाली की प्राध्यापकांना दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, कडक व्हा. दुसरा म्हणतो, दुर्लक्ष करा. दोन्ही सल्ले अपुरे आहेत, कारण गडबड कशाची आहे हे कोणीच विचारलेले नसते.

मी कॉलेजात शिकलेला माणूस नाही. जे काही शिकलो ते वाचनालयात आणि कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता. तेथे एक गोष्ट पक्की कळली. खात्यातला गोंधळ दोन जातींचा असतो: एक खोडी, दुसरे गाऱ्हाणे. वर्गातही तेच आहे. मागच्या बाकावरची चार पोट्टी मोबाईल पाहत हसतात, ही खोडी. पण शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचत नाही, किंवा खेड्यातून आलेल्या मुलाला इंग्रजी व्याख्यान उमगत नाही आणि तो कंटाळून शेजाऱ्याशी बोलू लागतो, हे गाऱ्हाणे. खोडीला आळा घालावा लागतो, गाऱ्हाण्याला दाद द्यावी लागते. गाऱ्हाण्याला खोडी समजून शिक्षा केली की ते चिघळते.

याचा मोठा दाखला आपल्या नागपूरशीच निगडित आहे. 1938 साली हैदराबाद संस्थानात उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. अधिकाऱ्यांनी तो बेशिस्तपणा ठरवला आणि शेकडो मुलांना काढून टाकले. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आपल्याकडे प्रवेश दिला. पुढे 1991 साली पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्या चळवळीत होते, आणि कायद्याचे शिक्षण त्यांनी नागपुरातच घेतले. जी मुले एका ठिकाणी बेशिस्त ठरली, त्यांना दुसऱ्या ठिकाणी बसायला बाक मिळाला. याचा अर्थ विद्यार्थ्यांनी काहीही करावे असा नाही. शिक्षेआधी कारण पाहावे, एवढाच.

मग खरी खोडी असेल तर काय करावे? कारखान्यांसाठी 1946 साली स्थायी आदेशांचा कायदा झाला. त्यामागचे तत्त्व साधे होते: गैरवर्तन कशाला म्हणतात ते आधी सर्वांना लेखी कळवा, आरोप स्पष्ट सांगा, आणि माणसाचे म्हणणे ऐकल्यावाचून त्याला कामावरून काढू नका. वर्गाला हे नेमके लागू पडते.

पहिल्याच दिवशी चार नियम फळ्यावर लिहून द्यावेत: उशिरा येणे, मोबाईल, मध्येच बोलणे, दुसऱ्याचा अपमान. गडबड सुरू झाली तर बोलणे क्षणभर थांबवावे. पुष्कळदा तेवढ्याने भागते. न भागले तर मुलाला नावाने, हलक्या आवाजात सांगावे. चारचौघांत पाणउतारा करू नये. तरुण पोर मित्रांदेखत माघार घेत नाही, उलट चढते. तास संपल्यावर त्याला एकट्याला बोलवावे आणि आधी विचारावे, “काय अडचण आहे?” पुन्हा तेच झाले तर तारीख आणि घडलेली गोष्ट नोंदवून लेखी समज द्यावी. त्यानंतरच प्रकरण प्राचार्यांकडे न्यावे. मात्र मारहाण, धमकी किंवा मुलींची छेडछाड असेल तर या पायऱ्या चढत बसू नये. ते त्याच दिवशी वर कळवावे. आणि एकाच्या चुकीसाठी साऱ्या वर्गाला शिक्षा कधीही करू नये. तशी केली की शांत बसणारी पन्नास मुलेही त्या एकाच्या बाजूला जातात. संपात आम्ही हेच पाहिले आहे.

गाऱ्हाण्यासाठी वाट ठेवावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. ती कोठे आहे, अर्ज कसा करायचा, हे प्राध्यापकानेच वर्गात सांगावे. त्यात त्याचा कमीपणा नाही. महिन्यातून एकदा शेवटची दहा मिनिटे मुलांचे म्हणणे ऐकण्यासाठी राखून ठेवली तरी बरीच गाऱ्हाणी समितीपर्यंत जाणारच नाहीत.

कामगार काय, विद्यार्थी काय, नियम सर्वांना सारखा आहे आणि आपले ऐकले जाईल, एवढी खात्री पटली की तो नियम पाळतो. ती खात्री देणे प्राध्यापकाच्या हातात आहे.