पेटीवरचे दोन आकडे

गेल्या आषाढात एक कास्तकार मध्यरात्रीनंतर आमच्या रुग्णालयात आला. वावरातला मोटारपंप सुरू करताना करंट लागला होता. तळहातावर छोटा पांढुरका भाजल्याचा डाग, बाकी बाहेरून काही नाही. पण नाडी अनियमित. ईसीजी काढून रात्रभर देखरेखीत ठेवले. सकाळी तो सारखा एकच सांगत होता, ‘‘पेटी तं नवीनच होती, सायेब.’’ मुलाने मोबाइलमधला फोटो दाखवला. स्टार्टरच्या पेटीवर बारीक अक्षरांत लिहिले होते : आयपी २०. घरात भिंतीवर लावायची पेटी धुऱ्यावरच्या खांबाला, वर खताचे पोते पांघरून.

आयपी ही खूण आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाच्या ६०५२९ क्रमांकाच्या मानकातून आली. भारतीय मानक ब्युरोनेही ते स्वीकारले आहे. २० म्हणजे ‘वीस’ नव्हे, ‘दोन’ आणि ‘शून्य’. पहिला आकडा आत काय शिरू शकते ते सांगतो. दोन असेल तर बोट आत जात नाही. चार असेल तर एक मिलिमीटर जाडीची तारही जात नाही. पाचमध्ये थोडी धूळ जाते, पण काम बिघडवण्याइतकी नाही. सहामध्ये धूळ जातच नाही. आपल्याकडे सोयाबीन काढणीची धूळ, कापसाची रुई, मुंग्या आणि पाली पाहता हा आकडा कमी महत्त्वाचा नाही. ओलसर धूळ साचली की विजेला वाट मिळते.

दुसरा आकडा पाण्याचा. शून्य म्हणजे पाण्यापासून काहीही संरक्षण नाही, एक म्हणजे फक्त सरळ खाली पडणारे थेंब चालतात. चार म्हणजे कोणत्याही बाजूने उडालेले पाणी. पाचची चाचणी मिनिटाला साडेबारा लिटर पाण्याच्या फवाऱ्याने होते. सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. मात्र सातची वस्तू जोरदार फवाराही सोसेल असे गृहीत धरू नका. ती वेगळी चाचणी आहे. आकड्याच्या जागी ‘एक्स’ असेल तर त्या बाबतीत दर्जा दिलेलाच नाही.

डॉक्टरने यात का पडावे? कोरड्या त्वचेचा रोध हजारो ओहम असतो. ओल्या अंगाचा सुमारे एक हजारावर येतो. मग घरातल्या २३० व्होल्टमधून सव्वादोनशे मिलिअँपियरच्या वर प्रवाह जातो. याहून बराच कमी प्रवाहही छातीतून गेला तर हृदयाची लय कोलमडू शकते. म्हणून उन्हाळ्यात कूलरच्या टाकीत चालू पंप असताना हात घालणे मला फार भीतीचे वाटते. कोविडनंतर अनेक घरांत आलेल्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर बहुधा आयपी २१ असते. त्यावर पाण्याचा तांब्या ठेवू नये.

हा दर्जा नव्या, बंद पेटीचा असतो, तोही साध्या पाण्यापुरता. दोन-चार उन्हाळ्यांत रबराची पट्टी कडक होते, दार नीट बसत नाही. शिवाय आयपी म्हणजे अर्थिंग नव्हे. बिघाड झालाच तर ३० मिलिअँपियरची गळती होताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी हवा, आणि तो अधूनमधून चाचणीचे बटण दाबून तपासायला हवा. कुणाला करंट लागला तर आधी मेन स्विच बंद करा, तोवर त्याला हात लावू नका. मग १०८ला फोन करा आणि श्वास चालत नसेल तर छातीवर दाब देणे सुरू करा. बरा वाटला तरी ईसीजीसाठी आणा.

ड्रेसिंगला आला तेव्हा आमच्या पेशंटने नव्या पेटीचा फोटो दाखवला. आयपी ५५. मी खूश होणार तोच पेटीच्या डोक्यावर वायरसाठी पाडलेले भोक दिसले. ‘‘हे कोणी पाडलं?’’ ‘‘वायरमननं. वरून सोपं जाते म्हणे.’’ त्याला पेटी पुन्हा बदलायला लावली. आता वायर खालून, ग्लँडमधून आत जाते.